सोळाव्या वर्षी लागलेला नंबर

आयपीएलचा लिलाव जवळ आला, राज्याच्या लीगची तारीख ठरली किंवा कबड्डी-खो-खोच्या संघमालकांची लगबग सुरू झाली, की याद्या निघू लागतात. उगवते दहा, लक्ष ठेवावेत असे पंधरा, मराठवाड्यातले पाच. पोरं सोळा-सतरा वर्षांची, काहींची दाढीही नीट फुटलेली नाही; पण नावापुढे क्रमांक, आणि क्रमांकापुढे 'भावी हार्दिक', 'भावी जडेजा'. या याद्यांची बाजू घेणारा एक युक्तिवाद आता इतका रुळला आहे, की त्याला कोणी हटकतही नाही. तो असा : पुण्या-मुंबईच्या मुलाच्या ओळखी असतात, संभाजीनगर-जालना-बीडच्या मुलाला कोण विचारतो? यादीत नाव आलं तर निदान कुणाची नजर जाईल. शिवाय आकड्यांवरून लावलेला नंबर हा वशिल्यापेक्षा केव्हाही बरा.

वशिला वाईट, एवढं मला मान्य आहे. बाकीचा युक्तिवाद पायापासून कच्चा आहे, आणि तो ज्यांच्या नावाने केला जातो त्या मुलांच्याच मुळावर येतो.

सुरुवात घरापासून करू. संभाजीनगरहून तासाभरावर जालना. तिथला विजय झोल हा आपल्या पट्ट्यातला गेल्या पंधरा वर्षांतला सगळ्यांत गाजलेला कुमारवयीन खेळाडू. २०११ साली कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध त्याने नाबाद ४५१ धावा केल्या. वय नुकतंच सतरा पूर्ण. २०१२ मध्ये तो १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय चमूत होता, त्याच वर्षी रॉयल चॅलेंजर्स बंगळूरच्या ताफ्यात. २०१३ मध्ये रणजी पदार्पणातच त्रिपुराविरुद्ध द्विशतक. २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार. त्या वेळी कोणीही, अगदी कोणीही, देशातल्या त्या वयाच्या मुलांची यादी केली असती तर विजयला पहिल्या दोन-तीनांबाहेर ठेवायची हिंमत केली नसती. मीही केली नसती.

त्याच्या नेतृत्वाखाली खेळलेल्या त्या संघात संजू सॅमसन होता, श्रेयस अय्यर होता, कुलदीप यादव होता, दीपक हुडा होता. पुढे भारताची टोपी या चौघांना मिळाली, कर्णधाराला मिळाली नाही. यात विजयचा काही गुन्हा नाही. जालन्यासारख्या गावातून तिथवर पोचणं हेच अचाट होतं. माझं भांडण त्याच्याशी नाही, यादीशी आहे : माहिती भरपूर, पुरावा डोंगराएवढा, तरी पुढच्या दहा वर्षांबद्दल त्यातून जे वाचलं गेलं ते चुकलं. मग ज्यांच्याकडे ४५१ नाहीत, दोन आंतरजिल्हा सामन्यांतल्या ६४ आणि ३८ आहेत, त्यांचा सातवा आणि अकरावा क्रमांक आपण कशाच्या जोरावर लावतो?

यावर हमखास उत्तर येतं की अंदाज थोडेफार चुकायचेच, निवड समितीसुद्धा चुकते. इथेच घोळ आहे. निवड ही एक गोष्ट, नंबर लावणं ही दुसरी. निवड समितीपुढचा प्रश्न छोटा असतो : पुढच्या आठवड्यात सामना आहे, खेळपट्टी अशी आहे, डावखुरा फिरकीपटू हवा, कोण? उत्तर चुकलं तर चार दिवसांत कळतं, पुढच्या सामन्याला दुसरा येतो, आणि लोक समितीच्या नावाने शंख करतात. नंबर लावणारा मात्र सोळाव्या वर्षी पाहून सव्विसाव्या वर्षाचं बोलतो. सव्विसावं वर्ष उजाडेपर्यंत त्याच्या दहा नव्या याद्या येऊन गेलेल्या असतात. जुन्या यादीचा जाब त्याला कोणी विचारलाय, असं मी तरी ऐकलेलं नाही. ज्या धंद्यात चूक उघडी पडत नाही, त्या धंद्यात कौशल्य वाढतं यावर माझा विश्वास बसायचा नाही.

बाजाराला तरी कळतं, असंही म्हणतात. संघमालक स्वतःचे पैसे ओततात, त्यांच्याकडे विश्लेषक असतात, ते फसणार नाहीत. डिसेंबर २०१८ चा आयपीएल लिलाव आठवा. बंगालचा सोळा वर्षांचा लेगस्पिनर प्रयास राय बर्मन दीड कोटीला गेला. ३१ मार्च २०१९ ला हैदराबादविरुद्ध तो उतरला, चार षटकांत ५६ धावा गेल्या, आणि आयपीएलमधला त्याचा तो पहिला आणि शेवटचा सामना. पंजाबचा अठरा वर्षांचा प्रभसिमरन सिंग ४ कोटी ८० लाखांना. तो चमकला, पण चार-पाच वर्षं बाकावर आणि देशांतर्गत क्रिकेटमध्ये घासून निघाल्यावर. आणि त्याच दिवशी पुण्याचा ऋतुराज गायकवाड पायाभूत किमतीला, २० लाखांना, चेन्नईने उचलला. पहिलं वर्षभर त्याला एकही सामना मिळाला नाही. २०२१ मध्ये ६३५ धावा काढून ऑरेंज कॅप त्याच्या डोक्यावर. करोडोंचे विश्लेषक असलेल्या त्या दालनात ऋतुराजसाठी दुसरा हात वर झाला नव्हता. चेन्नईला त्याचा नंबर कळला होता असंही मला वाटत नाही. त्यांनी त्याला घेतलं आणि थांबले. त्या व्यवहारातला सगळा शहाणपणा थांबण्यात होता.

केदार जाधवचं भारतासाठीचं एकदिवसीय पदार्पण एकोणतिसाव्या वर्षी झालं, हे जाता जाता.

आता थोडं शरीराबद्दल, कारण याद्या करणारे नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळ्यावर बोलतात. बीसीसीआयच्या वयोगटांची सीमारेषा १ सप्टेंबर. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. चौदा-पंधराव्या वर्षी हे अकरा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि खांद्यात भरलेलं बळ. वर मुलं एकाच वेगाने वाढतही नाहीत. हे बोर्डाला चांगलं ठाऊक आहे : वयचोरी पकडण्यासाठी कुमार गटात डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय मोजतात, टीडब्ल्यू३ म्हणतात ती चाचणी. दाखल्यावरचं वय आणि हाडांचं वय वेगळं असू शकतं हे मान्य करणारी व्यवस्था, क्रमवारीची वेळ आली की दोघांना एकाच रांगेत उभं करून वेगाचे आकडे तपासते! आपल्या मातीतल्या खेळांनी हे आधीच ओळखलं होतं. कबड्डीत किशोर आणि कुमार गटांना वजनाची मर्यादा आहे. खो-खोत वय, उंची आणि वजन मिळून निर्देशांक धरायची पद्धत होती. ज्यांनी हे नियम केले त्यांच्याकडे ना संगणक होता, ना गतिमापक यंत्र. पोरांना रोज मैदानावर बघण्याची सवय तेवढी होती.

ही शंका नुसती माझी असती तर सोडून दिली असती. पण ज्या देशांत कुमार खेळाडूंची क्रमवारी हा पूर्णवेळ धंदा आहे, तिथला हिशेब मांडून झालाय. कॅनडा-अमेरिकेतल्या आइस हॉकीची लीग, एनएचएल, दरवर्षी ड्राफ्ट करते : अठराच्या आसपासची मुलं, आणि संघ ओळीने एकेकाला उचलतात. त्याआधी लीगचं स्वतःचं खातं जगभर माणसं पाठवून वर्षभर सामने पाहतं आणि याद्या काढतं. मैदानं सारखी, सामन्यांच्या नोंदी चोख, पैसा अफाट. तरी १९८५ च्या सुमारास रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की तिथल्या वरच्या कुमार संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचा भरणा आहे, कारण त्यांची सीमारेषा १ जानेवारी. मग २०१३ मध्ये रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८० ते २००७ या काळात ड्राफ्ट झालेले कॅनडाचे खेळाडू तपासले. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले एक-तृतीयांशाहून जास्त, शेवटच्या तिमाहीतले जेमतेम सातवा हिस्सा. इथवर अपेक्षित होतं. धक्का पुढे आहे : वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले जे थोडे निवडले गेले, ते त्याच क्रमांकावर घेतलेल्या पूर्वार्धातल्या मुलांपेक्षा पुढे सरस ठरले, कारकिर्दीतले मोठे टप्पे गाठण्याची त्यांची शक्यता जवळपास दुप्पट निघाली. म्हणजे यादी नुसती अधूनमधून चुकत नव्हती, ती एकाच दिशेने चुकत होती. धाकट्यांना सतत कमी लेखत होती, तीन दशकं, आणि पैसे मोजणाऱ्या कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

त्याच लीगच्या १९९९ च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक पॅट्रिक स्टेफानचा होता. स्वीडनचा हेन्रिक झेटरबर्ग २१० वा. २००८ मध्ये डेट्रॉइटने स्टॅन्ली कप जिंकला तेव्हा बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून नाव पुकारलं गेलं ते झेटरबर्गचं. आदल्या वर्षी, १९९८ मध्ये, त्याच डेट्रॉइटने पावेल दात्स्युकला १७१ व्या क्रमांकावर घेतलं होतं. एवढी यंत्रणा असून हे होतं, तर आपण गारखेड्याच्या क्रीडा संकुलात दोन स्पेल बघून 'मराठवाड्यात तिसरा' म्हणतो तेव्हा नेमकं काय करत असतो?

हं, पण शिडीचं काय? लहान गावच्या मुलाला यादीमुळे दार उघडतं, हा मुद्दा तेवढ्याने संपत नाही. तो भावनेला हात घालणारा आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

यादीत कोण येतं? ज्याला कोणीतरी पाहिलं तो. पाहतं कोण, आणि कुठे? २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. सहा संघ, त्यांतल्या एकाचं नाव छत्रपती संभाजी किंग्ज. शहराला आनंद झाला, मलाही झाला. सामने सगळेच्या सगळे पुण्याजवळच्या गहुंज्याच्या स्टेडियमवर, इथून अडीचशे किलोमीटरच्या घरात. आपल्या नावाचा संघ आपल्या मैदानावर एक चेंडूही खेळला नाही. त्या हंगामात सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी ईगल नाशिक टायटन्सकडून पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा करून गेला, वर चार बळी घेतले, आणि वर्ष संपायच्या आत लखनऊने त्याला घेतलं. उत्तम झालं, पोरगा गुणी आहे. पण त्या ११७ ला कॅमेरा होता, समालोचक होता, संघमालकांची माणसं होती. कन्नड किंवा सिल्लोडच्या मुलाने चटईवर केलेल्या शतकाला गुणलेखकाची पेन्सिल असते, तीही कधी कधी. दोघांना एका यादीत घालून तुलना केली असं म्हणणं म्हणजे दिव्याखाली जे दिसलं त्याला गावाची मोजणी म्हणणं.

बीडच्या सचिन धसची गोष्ट यादीवाले मोठ्या उमाळ्याने सांगतात. २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६, स्पर्धेत ३०३ धावा. बघा, बीडचा मुलगा! पण बीडमध्ये पूर्ण लांबीची टर्फ खेळपट्टी नव्हती. अर्ध्या खेळपट्टीवर सराव करून तो तयार झाला, मागे वडिलांची जिद्द आणि गावातलाच एक प्रशिक्षक होता. सचिनला कोणत्याही क्रमवारीने शोधलं नाही, तो गाजल्यावर क्रमवारी त्याच्याकडे आली. ज्या शिडीचं कौतुक चाललंय ती पहिल्या मजल्यावरून सुरू होते. बीडच्या मुलाला हवी होती ती जमिनीवरची पायरी : बावीस यार्डांची नीट खेळपट्टी. तिच्यासाठी कोण लेख लिहितं?

आणि यादीला मुळात दिसतच नाहीत असेही खेळाडू असतात. पैठण आपल्याच जिल्ह्यातलं. तिथला अंकित बावणे पंधराव्या वर्षी महाराष्ट्राकडून रणजी खेळला. ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळेबरोबर त्याने ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या इतिहासात तिच्यापेक्षा मोठी एकच आहे. वर्षानुवर्षं तो धावा करत राहिला. 'भावी अमुक' या साच्यात न बसणारा, हंगामामागून हंगाम उभा राहणारा हा जो गुण आहे, त्याला नंबर लावायची कोणाकडेही पट्टी नाही. म्हणून तो गुण नाही असं ठरतं.

खो-खोकडे वळू, कारण खराखुरा ड्राफ्ट आपल्याकडे तिथे झाला, आणि हा खेळ मराठवाड्याच्या शाळाशाळांत आहे. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो सुरू होताना पुण्यात ड्राफ्ट झाला. २४० खेळाडूंतून १४३ घेतले गेले, चार श्रेणी, वरच्या श्रेणीला ५ लाख रुपये. प्रौढ खेळाडूंच्या एका हंगामाच्या मानधनासाठी श्रेणी लावायला माझी हरकत नाही. ज्यांनी आयुष्यभर चुन्याच्या रेषांवर गुडघे सोलून घेतले त्यांच्या हातात पहिल्यांदा बरे पैसे पडले. दुसऱ्या हंगामात सोळा ते अठरा वयाची मुलंही आली. तिथून माझी काळजी सुरू होते.

पण गंमत पुढे आहे. लीगचे हे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचे. मुलींना ना श्रेणी, ना ड्राफ्ट, ना यादी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष संघाने नेपाळला हरवलं, ५४-३६. महिला संघानेही नेपाळला हरवलं, ७८-४०. कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. त्याच संघात धाराशिवची अश्विनी शिंदे. या मुली कुठल्याच लीगच्या श्रेणीत नव्हत्या. त्या राष्ट्रीय स्पर्धा खेळल्या, शिबिरात आल्या, तिथे घाम गाळला, निवडल्या गेल्या. क्रमवारीवाचून गुणवत्ता अंधारात राहते म्हणणाऱ्यांनी या ७८ गुणांचं काय करायचं ते सांगावं. मुलींनाही लीग हवी, पैसे हवेत, त्यांना ते मिळाले नाहीत हा अन्यायच. पण तो पैशाचा अन्याय आहे, यादीचा नव्हे.

आता हुकमी पत्ता : वैभव सूर्यवंशी. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेरा वर्षांच्या या बिहारी मुलाला राजस्थानने १ कोटी १० लाखांना घेतलं तेव्हा माझ्यासारख्यांनी नाकं मुरडली; २८ एप्रिल २०२५ ला त्याने गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकलं. मग? मग एवढंच, की राजस्थानने त्याला यादीत वाचून घेतलं नव्हतं. नागपूरला चाचणीसाठी बोलावलं, प्रशिक्षकांनी समोर उभं करून खेळवलं, पाहिलं. ते निवडीचं काम होतं, आणि चोख होतं. दुसरं, एक वैभव दाखवून पद्धत सिद्ध करायची असेल तर तेरा-चौदाव्या वर्षी 'चमत्कार' म्हणून छापलेल्या सगळ्यांची नावं शेजारी मांडावी लागतील. ती मांडायला कोणी तयार होत नाही.

राहुल द्रविडने २०१५ च्या पतौडी स्मृती व्याख्यानात कुमार क्रिकेटमधल्या निकालाच्या हव्यासावर आणि वयचोरीवर बोट ठेवलं होतं. निकालाचा हव्यास वयचोरीला जन्म देतो, तर क्रमांकाचा हव्यास कशाला देईल? सोळाव्या वर्षी 'पहिल्या दहात' येण्याला जितकी किंमत, तितकी दाखल्यावरचं वर्ष मागे ढकलायला उठाठेव. नंबर वशिल्याला मारतो म्हणणाऱ्यांनी या बाजूनेही जरा बघावं. आपल्याकडे दहावी-बारावीची बोर्डाची गुणवत्ता यादी होती. पहिल्या पानावर पेढा भरवतानाचे फोटो यायचे. अघोरी स्पर्धा वाढली म्हणून बोर्डाने ती बंद केली. ज्या परीक्षेत निदान प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच होती, तिथली यादी अन्यायाची ठरली. इथे तर प्रत्येकाची खेळपट्टी, पंच, प्रतिस्पर्धी आणि हाडांचं वय निराळं.

मग संघांनी मुलं निवडायची कशी, असं विचारलं जाईल. पुणेरी पलटणने काय केलं ते बघा. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार त्यांच्याकडे प्रो कबड्डीच्या नव्या तरुण खेळाडूंच्या वाटेने आला, मोठ्या बोलीशिवाय. त्यांनी त्याला आणि त्याच्या वयाच्या पोरांना एकत्र ठेवलं, वाढू दिलं. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ ने हरवून पलटणने करंडक उचलला, तेव्हा कर्णधार अस्लम होता आणि हंगामातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. या गोष्टीत क्रमवारी कुठेच नाही. सराव आहे, जेवणखाण आहे, फिजिओ आहे आणि काही वर्षं आहेत.

वर्तमानपत्रांची अडचण मी समजू शकतो. यादी वाचली जाते, तिच्यावर कट्ट्याकट्ट्यावर वाद होतात. राशिभविष्यही वाचलं जातं. त्यावर 'क्रीडा प्रतिनिधी' असं नाव टाकत नाहीत एवढंच. तेव्हा छापायचीच असेल तर अटी साध्या ठेवू. प्रत्येक नावासमोर जन्माचा महिना. किती सामने प्रत्यक्ष पाहिले आणि कुठे, त्याचा आकडा. नावं वर्णानुक्रमे, क्रमांकाशिवाय. आणि त्याच पानावर, त्याच आकाराच्या टायपात, याच लेखकाने पाच आणि दहा वर्षांपूर्वी केलेली यादी, त्यातली मुलं आज कुठे आहेत त्या माहितीसह. जिल्हा संघटनांनी तालुक्याच्या सामन्यांची गुणपत्रकं जन्मतारखांसह जपून ठेवली, तर पहिल्या तीन अटी पुढच्या हंगामापासून पाळता येतील. चौथीला कुठलंही साहित्य लागत नाही. जुने अंक कार्यालयातच असतात.